ताळेबंदापासून वाटाघाटीच्या मेजापर्यंत : सुरेश प्रभू यांची कारकीर्द आणि आर्थिक मुत्सद्देगिरीचे स्वरूप

सारांश : व्यापार, बँकिंग किंवा उद्योग या क्षेत्रांत घडलेली व्यक्ती शासनाच्या वतीने परराष्ट्रांशी वाटाघाटी करू लागते, तेव्हा तिच्या मूळ व्यवसायातील कोणती कौशल्ये उपयोगी पडतात आणि कोणत्या सवयी अडचणीच्या ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी मूळच्या मालवणच्या घराण्यातील सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, राजापूरचे माजी खासदार आणि जी-२० गटात भारताचे शेर्पा राहिलेले सुरेश प्रभू यांची कारकीर्द अभ्यासासाठी घेतली आहे. अखेरीस या वाटाघाटींचा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील मासेमारी व फळबागायतीशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : आर्थिक मुत्सद्देगिरी, शेर्पा, जी-२०, जागतिक व्यापार संघटना, मत्स्यव्यवसाय अनुदाने, सिंधुदुर्ग.

१. प्रास्ताविक

राजदूत म्हटले की परराष्ट्र सेवेतील अधिकारी डोळ्यांसमोर येतो. स्पर्धा परीक्षा, प्रशिक्षण, तिसऱ्या सचिवापासून राजदूतापर्यंतची पायरी-पायरीची चढण, असा हा सर्वपरिचित मार्ग आहे. तथापि, देशाच्या वतीने बोलणारे सर्वच जण या मार्गाने आलेले नसतात. विशेषतः जेथे बोलण्याचा विषय जकात, कर्ज, अनुदान, चलन किंवा गुंतवणूक हा असतो, तेथे शासनाने वेळोवेळी व्यापार-उद्योगातील व्यक्तींना पाचारण केले आहे.

कोकण किनाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली. त्या नुकसानभरपाईचा प्रश्न पुढे तेरा वर्षे भिजत पडला. तो मिटविण्यासाठी १६७४ मध्ये रायगडावर आलेला हेन्री ऑक्झिंडेन हा व्यापारी कंपनीचा अधिकारी होता आणि त्याच्यासोबत दुभाषाचे काम करणारा नारायण शेणवी हा कंपनीच्याच व्यवहारात मुरलेला होता. राज्याभिषेकास नजराणा घेऊन आलेल्या या मंडळींचा खरा हेतू तहाची कलमे पदरात पाडून घेणे हाच होता. व्यापारी आणि वकील या दोन भूमिका त्या काळी एकाच अंगरख्यात वावरत होत्या. आधुनिक राज्यसंस्थेने त्या वेगळ्या केल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र आर्थिक प्रश्न परराष्ट्र धोरणाच्या केंद्रस्थानी आले आणि या दोन भूमिका पुन्हा जवळ येऊ लागल्या.

२. पूर्वपरंपरा : तीन उदाहरणे

प्रभू यांच्या कारकिर्दीचे मोल कळण्यासाठी त्यांच्याआधी या वाटेने गेलेल्या मुंबईच्या व्यापारी जगतातील तीन व्यक्तींचा विचार आवश्यक आहे.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स येथे भरलेल्या परिषदेस भारताचे जे प्रतिनिधी मंडळ गेले, त्यात सर चिंतामणराव देशमुख यांच्यासह टाटा उद्योगसमूहातील ए. डी. श्रॉफ हे बिगरसरकारी सदस्य होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बॉम्बे प्लॅन’च्या कर्त्यांपैकी ते एक. महायुद्धकाळात ब्रिटनकडे साचलेल्या भारताच्या स्टर्लिंग शिलकीचा प्रश्न या मंडळाने परिषदेत मांडला. येणे वसूल करू पाहणाऱ्या धनकोची ही भूमिका होती. ती परिषदेने मान्य केली नाही, तरी जगासमोर तिची नोंद झाली.

दुसरे उदाहरण गगनविहारी लल्लूभाई मेहता यांचे. १९१९ मध्ये वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी स्थापन केलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे संस्थापक-सदस्य सर लल्लूभाई सामळदास हे त्यांचे वडील. मेहता यांनी याच कंपनीच्या कलकत्ता शाखेचे व्यवस्थापन अनेक वर्षे सांभाळले आणि १९४२-४३ मध्ये भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद भूषविले. स्वातंत्र्यानंतर ते टॅरिफ बोर्डाचे अध्यक्ष, १९५० मध्ये नियोजन आयोगाच्या पहिल्या सदस्यांपैकी एक आणि १९५२ ते १९५८ या काळात अमेरिकेतील भारताचे राजदूत झाले. हा काळ अवघड होता. १९५४ मध्ये अमेरिका-पाकिस्तान लष्करी करार झाला, अलिप्ततेच्या धोरणावर वॉशिंग्टनमध्ये टीका होत होती आणि त्याच वेळी भारताला धान्य व विकासकर्ज यांची गरज होती. ऑगस्ट १९५६ मध्ये पी.एल. ४८० खालील पहिला धान्यकरार झाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये पंडित नेहरूंचा अमेरिका दौरा पार पडला. १९५५ मध्ये ह्यूस्टन विमानतळावरील उपाहारगृहात वर्णभेदाच्या प्रथेनुसार मेहता यांना वेगळ्या जागी बसण्यास सांगण्यात आले, तेव्हा अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. मदत मागणाऱ्या देशाच्या प्रतिनिधीला स्वाभिमान आणि संयम यांचा तोल किती सांभाळावा लागतो, हे या प्रसंगातून दिसते. १९५९ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले.

तिसरे उदाहरण नानी पालखीवाला यांचे. घटनातज्ज्ञ म्हणून ते सर्वज्ञात असले, तरी टाटा समूहातील संचालकपदाचा त्यांचा अनुभव दीर्घ होता. जनता सरकारच्या काळात, १९७७ ते १९७९, ते अमेरिकेत राजदूत होते. तारापूरच्या अणुइंधनाचा पुरवठा आणि १९७८ चा अमेरिकेचा अण्वस्त्रप्रसारबंदी कायदा हे त्या काळातील कळीचे प्रश्न होते.

या तिघांमध्ये एक साम्य आहे. त्यांपैकी कोणीही निवडणुकीच्या राजकारणातून वाटाघाटींकडे आले नाही. व्यावसायिक प्रतिष्ठा हेच त्यांचे भांडवल होते. सुरेश प्रभू यांचा मार्ग येथे वेगळा पडतो. व्यवसाय, लोकप्रतिनिधित्व, मंत्रिपद आणि मग वाटाघाटी असा तो क्रम आहे.

३. लेखापाल, बँक आणि मतदारसंघ

सुरेश प्रभू यांचा जन्म १९५३ चा. शिक्षण मुंबईत झाले. वाणिज्य व विधी शाखांच्या पदव्या घेऊन त्यांनी सनदी लेखापालाचा व्यवसाय स्वीकारला. सारस्वत को-ऑपरेटिव्ह बँकेच्या अध्यक्षपदामुळे त्यांचे नाव सहकार क्षेत्रात परिचित झाले. या बँकेची पार्श्वभूमी लक्षात घेण्याजोगी आहे. १९१८ मध्ये एक छोटी सहकारी पतसंस्था म्हणून तिचा आरंभ झाला, १९३३ मध्ये तिचे बँकेत रूपांतर झाले आणि १९८८ मध्ये तिला अनुसूचित बँकेचा दर्जा मिळाला. कोकणातून मुंबईस गेलेल्या मध्यमवर्गाची बचत आणि त्याची गरज या दोहोंवर ती उभी राहिली. सहकारी बँकेच्या अध्यक्षाला भागधारक, ठेवीदार, कर्मचारी आणि रिझर्व्ह बँक अशा चौघांना एकाच वेळी उत्तर द्यावे लागते. खाजगी कंपनीच्या संचालकापेक्षा हा अनुभव राजकारणाच्या अधिक जवळचा आहे.

१९९६ मध्ये प्रभू शिवसेनेच्या उमेदवारीवर राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पुढे १९९८, १९९९ आणि २००४ अशा सलग निवडणुका त्यांनी जिंकल्या. सिंधुदुर्ग जिल्हा आणि रत्नागिरीचा दक्षिण भाग व्यापणारा हा मतदारसंघ संसदीय वादविवादाच्या दर्जासाठी ओळखला जात होता. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून १९७१ मधील निधनापर्यंत आणि प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ ते १९९१ या काळात त्याचे प्रतिनिधित्व केले होते. नाथ पै यांची परराष्ट्र व्यवहारांवरील भाषणे आणि दंडवते यांचे रेल्वे व अर्थ या खात्यांतील काम यांमुळे येथील मतदाराला दिल्लीच्या पलीकडचे बोलणारा खासदार अपरिचित नव्हता.

वाजपेयी मंत्रिमंडळांत प्रभू यांनी उद्योग, पर्यावरण व वने, रसायने व खते आणि ऊर्जा ही खाती सांभाळली. ऊर्जामंत्री असताना (२००० ते २००२) ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ संमत झाला आणि पुढे २००३ मध्ये कायद्यात रूपांतरित झालेले वीज विधेयक २००१ मध्ये संसदेत सादर झाले. राज्य वीज मंडळांचा तोटा हा या खात्यापुढील मुख्य प्रश्न होता. वीज किती निर्माण झाली यापेक्षा ती कोठे आणि किती गळते, याचा हिशेब मांडण्यावर त्यांनी भर दिला. लेखापालाचा पिंड येथे स्पष्ट दिसतो. मंत्रिपदानंतर डिसेंबर २००२ मध्ये नदीजोड प्रकल्पाच्या कार्यदलाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २००९ मध्ये मतदारसंघ पुनर्रचनेनंतर अस्तित्वात आलेल्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात मात्र त्यांचा पराभव झाला.

४. शेर्पा म्हणजे काय?

सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्र शासनाने प्रभू यांची जी-२० गटासाठी भारताचे शेर्पा म्हणून नियुक्ती केली. त्या वेळी ते खासदार नव्हते आणि मंत्रीही नव्हते. ही नेमणूक समजून घेण्यासाठी या पदाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

हिमालयात गिर्यारोहकांना शिखरापर्यंत वाट दाखविणारे आणि त्यांचे ओझे वाहणारे ते शेर्पा. १९७५ मध्ये फ्रान्समधील रांबुये येथे प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या नेत्यांची पहिली शिखर परिषद भरली. अशा परिषदांची पूर्वतयारी करणाऱ्या, नेत्याच्या विश्वासातील प्रतिनिधीला पुढे हे नाव पडले. जी-२० हा गट १९९९ मध्ये अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर यांच्या पातळीवर सुरू झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये जागतिक वित्तीय संकटाच्या पार्श्वभूमीवर वॉशिंग्टन येथे तो प्रथमच राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरला. तेव्हापासून त्याचे कामकाज दोन मार्गांनी चालते. चलन, कर्ज, करव्यवस्था हे विषय वित्तमार्गाकडे जातात. व्यापार, रोजगार, ऊर्जा, शेती, आरोग्य, भ्रष्टाचारविरोध, अंकीय अर्थव्यवस्था हे विषय शेर्पामार्गाकडे असतात. या सर्वांना अखेरच्या जाहीरनाम्यात ओवण्याचे काम शेर्पांचे असते.

शेर्पाचे अधिकार कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाहीत. तो पंतप्रधानांचा व्यक्तिगत प्रतिनिधी असतो आणि त्याच्या शब्दाला मिळणारे वजन याच विश्वासातून येते. राजदूत एका देशात राहून दीर्घकाळ संबंध जोपासतो. शेर्पाला मात्र वर्षातील मोजक्या बैठकांत एकोणीस देश आणि युरोपीय संघ (२०२३ पासून आफ्रिकी संघही) यांच्या प्रतिनिधींशी एकाच मसुद्यावर झगडावे लागते. ज्या शब्दांवर एकमत झालेले नाही, ते मसुद्यात चौकटी कंसांत ठेवले जातात. परिषद जवळ येते तसे हे कंस एकेक करून उठवावे लागतात. एक कंस उठविण्यासाठी दुसऱ्या ठिकाणी काही सोडावे लागते.

हे काम आणि लेखापालाचे काम यांत जवळचे नाते आहे. ताळेबंदात आकड्यांइतक्याच त्याखालील टिपा महत्त्वाच्या असतात. आज दायित्व नाही, पण उद्या निर्माण होऊ शकते, अशा बाबींची नोंद तेथे असते. आंतरराष्ट्रीय मसुद्यातील ‘प्रयत्न करतील’ आणि ‘करतील’ या दोन शब्दयोजनांत हाच फरक असतो. पहिली केवळ टीप असते, तर दुसरी दायित्व निर्माण करते. हा फरक ओळखण्याची नजर ज्याच्या व्यवसायातच रुजलेली आहे, तो या मेजावर उपरा ठरत नाही.

५. ब्रिस्बेन ते ओसाका

१५ व १६ नोव्हेंबर २०१४ रोजी ब्रिस्बेन येथे शिखर परिषद झाली. तिच्या आठवडाभर आधी, ९ नोव्हेंबरला, प्रभू यांनी भारतीय जनता पक्षात प्रवेश करून रेल्वेमंत्रिपदाची शपथ घेतली होती. तरीही या परिषदेपुरते शेर्पापद त्यांच्याकडेच राहिले. गटाच्या एकत्रित उत्पन्नात २०१८ पर्यंत अतिरिक्त दोन टक्के वाढ साधण्याचे उद्दिष्ट, पायाभूत सुविधांसाठीचे जागतिक केंद्र आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या करचुकवेगिरीविरुद्धची मोहीम हे या परिषदेचे ठळक निर्णय होत. भारताच्या दृष्टीने आणखी दोन मुद्दे महत्त्वाचे होते. पहिला, परदेशांतील काळ्या पैशाची माहिती मिळविण्यासाठी करविषयक माहितीची आपोआप देवाणघेवाण. दुसरा, परदेशस्थ कामगारांनी घरी पाठविलेल्या पैशांवरील शुल्क कमी करणे. आखाती देशांतून मनीऑर्डर पाहिलेल्या कोकणाला या दुसऱ्या मुद्द्याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

रेल्वेमंत्री म्हणून (२०१४ ते २०१७) त्यांच्या कार्यकाळातही वाटाघाटींचा भाग मोठा होता. रेल्वेत गुंतवणुकीसाठी आयुर्विमा महामंडळाशी २०१५ मध्ये दीड लाख कोटी रुपयांचा समझोता झाला. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी जपानशी सहकार्याचा करार झाला. २०१६ चा स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प हा अखेरचा ठरला आणि पुढील वर्षापासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. याच काळात रेल्वे अपघातांची मालिका घडली. ऑगस्ट २०१७ मधील खतौली येथील अपघातानंतर प्रभू यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पद सोडण्याची तयारी दर्शविली आणि सप्टेंबरात त्यांच्याकडे वाणिज्य व उद्योग खाते आले. निधी उभारणीचे कौशल्य आणि रुळांच्या दैनंदिन देखभालीची व्यवस्था या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिलीतील यश दुसरीची हमी देत नाही, हा धडा या कालखंडातून निघतो.

वाणिज्यमंत्री या नात्याने डिसेंबर २०१७ मध्ये ब्युनोस आयर्स येथील जागतिक व्यापार संघटनेच्या अकराव्या मंत्रिपरिषदेत त्यांनी भारतीय मंडळाचे नेतृत्व केले. अन्नसुरक्षेसाठी शासनाने किमान आधारभूत किमतीने धान्य खरेदी करून साठा करणे, यावर कायमस्वरूपी तोडगा निघावा, ही भारताची मागणी होती. तो निघाला नाही आणि परिषद मंत्र्यांच्या संयुक्त जाहीरनाम्याविना संपली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये दिल्लीत सुमारे पन्नास देशांची अनौपचारिक बैठक बोलावून भारताने चर्चा जिवंत ठेवण्याचा प्रयत्न केला. मे २०१९ मध्ये विकसनशील देशांची आणखी एक बैठक दिल्लीत झाली.

जून २०१९ मध्ये प्रभू यांच्याकडे शेर्पापद पुन्हा आले. त्याच महिन्यात ओसाका येथे परिषद झाली. यजमान जपानने देशोदेशींच्या सीमा ओलांडून माहितीचा मुक्त प्रवाह राखण्यासाठी ‘ओसाका ट्रॅक’ ही वेगळी प्रक्रिया सुचविली. ही चर्चा जागतिक व्यापार संघटनेच्या चौकटीतच व्हावी, अशी भूमिका घेऊन भारताने त्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली नाही. इंडोनेशिया आणि दक्षिण आफ्रिका यांनीही तेच केले. २०२० मध्ये महासाथीमुळे सौदी अरेबियाच्या अध्यक्षतेखालील परिषद दूरदृश्य पद्धतीने झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये हे पद पीयूष गोयल यांच्याकडे गेले.

६. व्यावसायिक वृत्तीची बलस्थाने व मर्यादा

या प्रवासातून काही निरीक्षणे नोंदविता येतात.

पहिले, व्यापारी व्यवहारात सौदा पुरा होणे हे यश मानले जाते. राष्ट्राच्या वाटाघाटीत काही वेळा सौदा न होणे हेच हिताचे असते. ब्युनोस आयर्स आणि ओसाका येथे भारताने जे केले, ते व्यापारी बुद्धीला अपुरे वाटेल. नकाराची किंमत मोजण्याची तयारी ठेवणे आणि तो नकार संबंध न तोडता देणे, हे मुत्सद्द्याला व्यवसायाबाहेर शिकावे लागते.

दुसरे, उद्योगातून आलेल्या व्यक्तीकडे हितसंबंधांच्या संघर्षाच्या दृष्टीने पाहिले जाते. जहाज कंपनीचे व्यवस्थापक राहिलेले मेहता टॅरिफ बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही हा प्रश्न तत्त्वतः उपस्थित होता. लोकप्रतिनिधित्वाचा मधला टप्पा काही अंशी त्याचे उत्तर देतो. मतदारांसमोर पाचदा उभे राहिलेल्या व्यक्तीचे व्यवहार सार्वजनिक छाननीतून गेलेले असतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, व्यक्तीचे कौशल्य संस्थेच्या स्मृतीची जागा घेऊ शकत नाही. २०१४ ते २०२२ या आठ वर्षांत भारताच्या शेर्पापदी प्रभू, अरविंद पानगढिया, शक्तिकांत दास, पुन्हा प्रभू, पीयूष गोयल आणि अमिताभ कांत अशा सहा नियुक्त्या झाल्या. अर्थतज्ज्ञ, सनदी अधिकारी, मंत्री अशा विविध पार्श्वभूमीच्या या व्यक्ती आपापल्या परीने समर्थ होत्या. परंतु ज्या मेजावर ओळख आणि विश्वास हेच चलन आहे, तेथे वारंवार माणूस बदलण्याची किंमत असते. बाहेरून आणलेल्या कर्तबगार व्यक्तीच्या मागे परराष्ट्र व वाणिज्य मंत्रालयातील कायम अधिकाऱ्यांचा जो संच उभा असतो, त्याचे बळ म्हणूनच दुय्यम मानता येत नाही.

७. वाटाघाटी आणि सिंधुदुर्गचा किनारा

ब्युनोस आयर्स वा ओसाका येथील शब्दांचा मालवणच्या बंदराशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे सर्वांत ठोस उत्तर मत्स्यव्यवसाय अनुदानांच्या चर्चेत सापडते.

समुद्रातील माशांचे साठे घटत आहेत आणि देशोदेशींची अनुदाने अतिमासेमारीस उत्तेजन देतात, म्हणून त्यांवर नियम हवेत, ही चर्चा २००१ च्या दोहा परिषदेपासून सुरू झाली. ब्युनोस आयर्स येथे अन्य विषय अडले, तरी मत्स्य अनुदानांचा करार पुढील मंत्रिपरिषदेपर्यंत पूर्ण करण्याचा निर्णय तेथे झाला. महासाथीमुळे ती परिषद लांबली. अखेर जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथे कराराचा पहिला भाग संमत झाला आणि आवश्यक संख्येने सदस्यांची मान्यता मिळाल्यावर तो १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंमलात आला. बेकायदा, नोंद न होणारी व अनियंत्रित मासेमारी, आधीच अतिमासेमारी झालेले साठे आणि कोणत्याही देशाच्या वा प्रादेशिक व्यवस्थेच्या नियंत्रणाबाहेरील खोल समुद्र या तीन बाबतींत अनुदानांना त्याने मनाई केली आहे. पहिल्या दोन बाबतींत विकसनशील देशांना स्वतःच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात, म्हणजे २०० सागरी मैलांच्या आत, दोन वर्षांची मुभा आहे. अतिक्षमता वाढविणाऱ्या अनुदानांविषयीच्या दुसऱ्या भागावर २०२४ च्या अबुधाबी परिषदेत एकमत झाले नाही. तेथे भारताने पंचवीस वर्षांच्या संक्रमणकाळाची मागणी केली. दूरवरच्या समुद्रांत औद्योगिक जहाजे पाठविणाऱ्या देशांनी आधी आपली अनुदाने आवरावीत, असाही भारताचा आग्रह होता.

आता हेच किनाऱ्यावरून पाहावे. यांत्रिक नौकांना मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. हा परतावा अनुदानच आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा पारंपरिक मच्छीमार, लहान होडीला इंजिन बसविलेला मच्छीमार, ट्रॉलरमालक आणि पर्ससीन नौकेचा मालक हे चौघे एकाच समुद्रावर जगतात. पण त्यांचे हितसंबंध एक नाहीत. पर्ससीनविरुद्धचा येथील पारंपरिक मच्छीमारांचा लढा सर्वश्रुत आहे. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध आणले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस बंदी केली. अर्थात, जिनिव्हात भारताचा प्रतिनिधी ‘आमचा लहान मच्छीमार’ असे म्हणतो, तेव्हा या चौघांपैकी नेमका कोण, हा प्रश्न मालवणात विचारला जाणारच. लहान मच्छीमाराच्या नावाने मिळविलेली सवलत मोठ्या नौकेच्या टाकीत गेली, तर दिल्लीने जिंकलेली वाटाघाट किनारा हरलेला असेल. व्याख्या हा येथे खरा रणविषय आहे.

फळबागायतीचे उदाहरणही बोलके आहे. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याच्या आयातीवर बंदी घातली आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये ती उठविण्याचा निर्णय झाला. येथे जकातीचा संबंध नव्हता. प्रश्न प्रमाणपत्र, बाष्पप्रक्रिया आणि तपासणी यांचा होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये, प्रभू वाणिज्यमंत्री असताना, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व लगतच्या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये देशाचे पहिले कृषी निर्यात धोरण मंजूर झाले. मानांकनाने नाव सुरक्षित होते. त्या नावाने माल पाठविणारी साखळी मात्र बागायतदार, संस्था आणि शासन यांनाच उभारावी लागते.

८. समारोप

सनदी लेखापाल, सहकारी बँकेचे अध्यक्ष, खासदार, मंत्री आणि शेर्पा हा सुरेश प्रभू यांचा प्रवास अपवादात्मक असला, तरी तो ज्या गरजेतून घडला ती गरज वाढती आहे. जगाशी होणारे बहुतेक करार हिशेबाच्या भाषेत लिहिले जात आहेत आणि ती भाषा जाणणाऱ्यांची आवश्यकता परराष्ट्र सेवेबाहेरूनही भागविली जाणार आहे. या उदाहरणातून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास आपल्या विषयाचा एक अनोळखी उपयोग दिसतो आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास वाटाघाटी आकड्यांवरही लढविल्या जातात हे उमगते.

तथापि, मेजावर बसलेला माणूस कितीही चतुर असला, तरी त्याच्या हातातील कागद कोठून येतो, हा प्रश्न उरतोच. मत्स्य अनुदानांच्या करारानुसार एखादा साठा अतिमासेमारीचा बळी ठरला आहे काय, हे किनारी देशाने उपलब्ध शास्त्रीय माहितीच्या आधारे ठरवावयाचे आहे. त्यासाठी कोणत्या बंदरात, कोणत्या महिन्यात, कोणत्या प्रकारच्या नौकेने, किती आणि कोणती मासळी उतरविली, याच्या सलग नोंदी लागतात. केंद्रीय संस्था अशा नोंदी ठेवतात, परंतु लहान बंदरांच्या पातळीवर सूक्ष्म माहितीची गरज कायम आहे. देवगड, मालवण, वेंगुर्ले या तालुक्यांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्य विभागांना येथे एकत्र काम करता येण्याजोगे आहे. नौकेचा खर्च, परताव्याचे प्रमाण, मासळीचा भाव आणि कर्जाचा बोजा यांचा वर्षानुवर्षे ठेवलेला साधा हिशेब हा जिनिव्हातील युक्तिवादाचा पाया ठरू शकतो. तो हिशेब किनाऱ्याने मांडला नाही, तर दुसरे कोणी तरी आपल्या सोयीने मांडील, आणि मेजावरील आपला माणूस तोच खरा मानून बोलेल.